सतरा नंबरचा फोटो

“हलू नका. हनुवटी जरा खाली. श्वास धरा… धरा… हं, सोडा!”

उद्धवरावांचा हा आवाज कुसुमताईंच्या कानात बसला तो बसलाच. उद्धवराव जाऊन अकरा वर्षं झाली. चिंचवड स्टेशनाजवळचा त्यांचा प्रभात फोटो स्टुडिओ त्याआधीच बंद झाला, आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. पण थेरगावच्या फ्लॅटमध्ये दूध वर येताना, लिफ्टची वाट बघताना तो आवाज अवचित यायचा. “सोडा” म्हटलं की कोट घातलेली माणसं कशी भसकन सैल व्हायची! सगळ्यांनी आपापला श्वास सोडला आणि ती आपल्या वाटेने गेली. कुसुमताईंनी तेवढा एक त्र्याऐंशी सालापासून धरून ठेवला होता.

गुरुवारी सकाळी निशिगंधाचा फोन आला. ही पोरगी चऱ्होलीची. तळेगावच्या बाजूला नवं विद्यापीठ झालं आहे, तिथल्या अभिलेखागारात काम करते. अभिलेखागार म्हणजे लोकांची पत्रं, वह्या, फोटो जपून ठेवायची जागा. दोन वर्षांपूर्वी तिने येऊन स्टुडिओचं सगळं मागून नेलं होतं. निगेटिव्हचे एकेचाळीस खोके, रजिस्टरं, गिऱ्हाइकांची पत्रं, आणि ज्यावर वाकून कुसुमताईंनी तीस वर्षं पेन्सिलीने लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग घालवले ते रिटचिंगचं उतरतं टेबलसुद्धा.

“कुसुमताई, रविवारी ओळख-दिवस आहे, विसरला नाहीत ना? फोटो टेबलांवर मांडणार. लोकांनी यायचं, आपापली माणसं ओळखायची, नावं सांगायची. सोमवारी पक्की यादी लागणार.”

“येते की. एवढं काय आठवण करायची?”

“एक गंमत सांगायची होती. तो पोस्टरवरचा फोटो, सतरा नंबरचा. रजिस्टरमध्ये नाव होतं म्हणून आम्ही खाली छापलं, भीमराज. काल त्यांच्या मुलीचा फोन आला. रश्मी म्हणून आहेत, चाकणला कंपनीत क्वालिटीला. फोनवर रडायलाच लागल्या. आईला घेऊन येतायत. म्हणाल्या, माझे वडील मी कधी बघितलेच नाहीत, हा एवढा फोटोच काय तो. ताई? ऐकताय ना?”

“ऐकतेय,” कुसुमताई म्हणाल्या.

गॅसवर दूध उतू गेलं. गेलं तर गेलं.

*

त्या काळी पगार झाल्यानंतरच्या रविवारी स्टुडिओसमोर रांग लागायची. परांडा, अहमदपूर, खेड, कुठकुठून आलेली पोरं. पिंपरीत नाहीतर भोसरीत कामाला लागलेली, एका खोलीत आठ-आठ झोपणारी. गावाकडे फोटो पाठवायचा तर कोटातला हवा. कोट कुणाकडेच नव्हता. स्टुडिओचा एक होता. काळा, तीन बटणांचा, पहिलवानाच्या मापाचा. जो येईल त्याच्या अंगावर तोच. पाठीमागे उभं राहून कोटाच्या चुण्या चिमटीत धरायच्या, चिमटे लावायचे, पुढून असा दिसला पाहिजे जसा काही शिंप्याने माप घेऊन शिवला, हे काम कुसुमताईंचं. त्यामुळे पोरांचे चेहरे उद्धवरावांना माहीत आणि कुसुमताईंना पाठी. कुणाची पाठ घामाने भिजलेली, कुणाची हसू दाबताना हलणारी.

“वहिनी, कोटाला वास येतोय हो!”

“मग तू ये उद्यापासून धुवायला.”

“ताई, घड्याळ पण द्या ना हातात.”

“दिलंय की. काटे बघू नकोस, बंद आहे ते.”

कोट एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जायचा. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सतरा नंबरची चिठ्ठी भीमराजची होती, अठरा नंबरची अर्जुनची. भीमराजने कोट चढवला होता, चिमटे लावून झाले होते. तेवढ्यात अर्जुन पुढे आला. “भावा, मला आधी बसू दे ना. सेकंड शिफ्ट आहे, बस गेली तर खाडा पडेल.” भीमराज उठला. स्वतःच्या अंगातला कोट काढला आणि आपल्या हाताने अर्जुनच्या अंगात घातला, धाकट्या भावाला शाळेत पाठवावं तसा. कुसुमताईंनी हे पाहिलं. रजिस्टरात नंबर बदलायला हवेत, हे त्यांच्या मनातही आलं. पण दातांत दोन चिमटे, हातांत चार. करू मागाहून, म्हणाल्या.

ते मागाहून राहूनच गेलं.

त्या गुरुवारी भीमराज ज्या फौंड्रीत होता तिथे भट्टीजवळ अपघात झाला, त्यात तो गेला. शनिवारी एक वीसेक वर्षांची बाई दुकानात आली. पोटुशी, दिवस भरत आलेले. बाहेर दीर घाईने उभा, एसटी पकडायची होती. बाईने मूठ उघडली. मुठीत सतरा नंबरची चिठ्ठी, चार घड्या पडलेली. “ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात गावली,” एवढंच म्हणाली.

उद्धवराव लग्नाच्या ऑर्डरीला तळेगावला गेलेले. कुसुमताईंनी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन सतरा नंबरची निगेटिव्ह काढली. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं, केस पांढरे, चेहरा काळा. कोट तोच, मिशी त्या वेळी सगळ्यांचीच तशी. लाल दिव्याखाली ताटलीतल्या पाण्यातून चेहरा वर आला, त्यांनी तो धुतला, पंख्यापुढे धरून वाळवला, आणि वाळवताना स्वतःही रडल्या. बाईने फोटो हातात घेतला. खूप वेळ बघत राहिली. मग कुसुमताईंच्या तोंडाकडे बघितलं. फोटो पदराखाली घेतला आणि गेली.

पुढच्या आठवड्यात दाराशी एक पोरगा उभा. “ताई, अठरा नंबर. माझा फोटो झाला का?”

कुसुमताईंनी वर बघितलं. समोर सतरा नंबरचा चेहरा, जिवंत, दात काढून हसत.

त्या दिवशी त्यांनी खऱ्या भीमराजची निगेटिव्ह वेगळी काढली, पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं, ‘हा द्यायचा आहे.’ पाकीट पावाच्या मेणकागदात गुंडाळलं आणि रिटचिंगच्या टेबलाच्या तळाच्या फळीखाली सरकवलं. उद्धवरावांनाही सांगितलं नाही. गाव कुठलं, पत्ता कुठला, काय माहीत? पत्ता कळला की देऊ, म्हणाल्या.

पाच वर्षांनी पत्ताच दारात आला. ती बाई, सरूबाई, कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला लागली होती. बोटाला एक पोरगी, दोन वेण्या, लाल रिबिनी. सरूबाईने तोच फोटो पदराखालून काढून काउंटरवर ठेवला. “मोठा करून द्या ताई. भिंतीला लावायचा हाय.” पोरगी टाचा उंचावून काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाली, “हे माझे बाबा आहेत.”

तेव्हा बोलायला हवं होतं. कुसुमताईंनी तोंड उघडलंही. पण ती टेकलेली हनुवटी, त्या रिबिनी. आणि बायकोलाच कळलं नाही म्हणावं तर तिचा संसार तो किती दिवसांचा? आपण सांगून हिच्या हातातलं आहे तेही काढून घ्यायचं? त्यांनी फोटो मोठा करून दिला. चूक एकदा हातून झाली होती. ही दुसऱ्यांदा झाली, आणि ती डोळ्यांदेखत.

पुढे एका पावसाळ्यात पवना नदीचं पाणी दुकानात शिरलं. टेबलाची फळी फुगून अशी बसली की सुरीही आत जाईना. आतलं सगळं कुजलं असणार. संपला विषय, असं त्यांनी मनाला सांगितलं. मनाने काही ऐकलं नाही.

*

रविवारी त्या दीड तास आधीच पोचल्या. निशिगंधाने गेटवरून आत नेलं, पर्स बाहेर ठेवायला लावली, हातातलं पेन काढून घेतलं.

“इथे पेन चालत नाही, ताई. फक्त पेन्सिल. शाई कागदावर पडली की जात नाही ना.”

“हे मला सांगतेस?” कुसुमताई हसल्या. “मी जन्मभर पेन्सिलीवरच जगले, बाई.”

आत गार होतं. लांब टेबलांवर पांढरा कागद अंथरलेला, त्यावर रांगेने कोटातली पोरं. दोनशे पोरं, कोट एक. प्रत्येकासमोर एक कार्ड, कार्डावर नावाची जागा मोकळी. पहिल्याच टेबलावर सतरा नंबर, कार्डावर पेन्सिलीने ‘भीमराज’.

“तुम्हाला एक दाखवायचंय,” निशिगंधा म्हणाली. “तुमचं टेबल साफ करत होतो. तळाची फळी फुगलेली. आमच्या सुतारकाकांनी आठवडाभर ती नुसती सावकाश वाळवली, एक चीर पडू दिली नाही. खाली हे होतं.”

मेणकागद. त्याच्या आत पाकीट. पाकिटावर त्यांचंच अक्षर, तरुणपणीचं, गोल-गोल. ‘हा द्यायचा आहे.’

“निगेटिव्ह?” कुसुमताईंनी विचारलं.

“एका कोपऱ्याला बुरशी लागलीय. बाकी काचेसारखी स्वच्छ. स्कॅन केलीय. पण ताई, हा कुणाला द्यायचा होता?”

कुसुमताई खुर्चीवर बसल्या. पाकिटावरून बोट फिरवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. कोट, चिमटे, सेकंड शिफ्ट, मूठ, रिबिनी. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, एका पंचविशीतल्या पोरीला. निशिगंधा पहिल्यांदा उभी होती, मग टेबलाला टेकली, मग शेजारी बसली.

“मग आता?” तिने हळूच विचारलं. “मी काही बोलणार नाही. तुम्ही म्हणाल तसं कार्ड लिहीन. पण सोमवारी यादी गेली की हाच भीमराज ठरणार. कायमचा.”

“तिला आयुष्यभर एक बाप मिळालाय गं. चुकीचा का होईना. तो काढून घेऊ?”

“काढून नका घेऊ,” निशिगंधा म्हणाली. “तुमच्याकडे द्यायला आहे की. पाकिटावर तुम्हीच लिहिलंय.”

*

अकरा वाजता त्या दोघी आल्या. रश्मी पुढे, कंपनीचं ओळखपत्र घाईत गळ्यातच राहिलेलं. मागे सरूबाई, पांढरी सुती साडी, हातात पिशवी. पिशवीत भिंतीवरची चौकट काढून आणलेली, वर्षानुवर्षं हार घालून घालून खिळ्याजवळचा कोपरा झिजलेला.

“मावशी!” रश्मीने कुसुमताईंचे दोन्ही हात धरले. “तुम्हीच ना हा फोटो दिला आईला? आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी हाच. दहावीचा निकाल पहिल्यांदा ह्यांना दाखवला, लग्नाची पत्रिका ह्यांना, पहिला पगार ह्यांना. माझी आजी तर…”

“बस बाळ,” कुसुमताई म्हणाल्या. “तू आधी बस. सरूबाई, तुम्हीही बसा. मला बोलायचंय. मधे थांबवू नका, थांबवलंत तर पुन्हा जमायचं नाही.”

आणि त्यांनी सांगितलं. निशिगंधाला सांगताना वाट सापडली होती, तिच्यावरून पाय बरोबर पडत गेले. ‘माझ्या हातून’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले, गिळले नाहीत.

रश्मीने चौकट उलटी केली, सुलटी केली. काचेवरून तळवा फिरवला.

“मग हे कोण?”

“अर्जुनराव,” कुसुमताई म्हणाल्या. “अजून भेटतात. चऱ्होलीला असतात. नातीला रोज शाळेच्या बसपर्यंत सोडतात.”

“जिवंत आहेत?”

“ठणठणीत. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेवढंच.”

रश्मी बघत राहिली. आता रडते की काय असं वाटलं, आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. अगदी नाकातून, थांबवता न येणारं. “म्हणजे आम्ही चाळीस वर्षं एका जिवंत माणसाला हार घालतोय? तरीच! तरीच त्यांना काही होत नाही!” निशिगंधाने तोंडावर हात घेतला. कुसुमताईंना हसावं की नाही कळेना, आणि त्या हसल्याच. हसता हसता रश्मीचं रडू कधी झालं ते तिलाही कळलं नाही. तिने ओळखपत्राच्या पट्टीनेच डोळे पुसले.

“मावशी, रागवावं असं वाटतंय. पण कुणावर ते कळत नाहीये.”

“माझ्यावर रागव. मी त्यासाठीच आलेय.”

“थांबा,” रश्मी म्हणाली. “आधी दाखवा. मला माझे बाबा बघू दे.”

निशिगंधाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्यांदा निगेटिव्ह दिसली, पांढरे केस, काळा चेहरा, पांढरा कोट. मग तिने एक बटण दाबलं.

अंधार उजेड झाला, उजेड अंधार. खुर्चीच्या कडेवर जरा अवघडून बसलेला एक पोरगा. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर, हनुवटीला मधोमध खळी, कान मोठे. बंद घड्याळाकडे कुणाचं लक्ष जावं म्हणून हात मुद्दाम पुढे. आणि उद्धवरावांनी ‘श्वास धरा’ म्हटलेलं असूनही ओठांच्या कोपऱ्यात न मावलेलं हसू.

रश्मीचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला. खळीवर. कुसुमताईंना ती हनुवटी लख्ख आठवली, काउंटरवर टेकलेली. तेव्हा ती समोर होती आणि त्यांना दिसली नव्हती.

“माझे कान,” रश्मी म्हणाली. “सासूबाई म्हणतात, हे कान कुणावर गेले? आई, बघ गं! हे कान!”

सरूबाई बघत होती. खोलीत आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. रडली नव्हती, हसलीही नव्हती. रश्मी हळूहळू तिच्याकडे वळली. तिच्या मनात आत्ता काहीतरी आलं होतं.

“आई. ह्यांच्या हातून चूक झाली, मान्य. पण तू तर त्यांची बायको. तुला नाही कळलं?”

कुसुमताईंनी मान खाली घातली. हाच प्रश्न त्यांनी हजार वेळा उशीला विचारला होता.

सरूबाईने पदर सारखा केला. पिशवीतून एक कागद काढला, आंतर्देशीय पत्र, घड्यांवर फाटलेलं. ते टेबलावर सपाट केलं, पण वाचलं नाही. तिला ते पाठ असावं.

“ह्येंचं शेवटचं पत्र. मी गावाला व्हते. लिवलंय, कोट घालून फोटू काढलाय, म्हातारीला सांग, तुजा लेक सायेब दिसतो. सासूला डोळ्यानं दिसत नव्हतं. फोटू हातात दिला तर तिनं बोटानं चाचपला. सांग म्हनली, कोट काळाच हाय ना? बटनं किती? म्या सांगितलं, तीन. रोज दळताना म्हनायची,

काळा कोट बाई, चाचपिते धागा धागा,
बाळ माजं बसं, सभंत मधली जागा.

तिच्या हातातनं काय सांगून काढून घेऊ? तिच्या उशाखाली व्हता तो, शेवटपतोर.”

“म्हणजे तुला…”

“ऐक. आता सुरुवात केलीय तर बोलू दे.” सरूबाई कुसुमताईंकडे वळली. “ताई, त्या दिशी तुमी फोटू पंख्याम्होरं धरला व्हता. तुमच्या डोळ्याला धार. म्या फोटू बघितला, मग तुमाला बघितलं. मला वाटलं, ह्येंचा फोटू खराब झाला. आन् ह्या बाईला सांगवंना. पोटुशी बाई रिकाम्या हातानं जाऊ नये म्हनून दुसऱ्याचा दिला हिनं, दया करून. तुमी लाजाल म्हनून म्या बोलले न्हाई. पाच वर्सांनी आले तवाबी तुमचं तोंड उघडलं आन् मिटलं, म्या बघितलं. म्हनलं, राहू दे. हिनं झाकलंय, आपन बी झाकू.”

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षं त्या ज्या नजरेला घाबरत आल्या होत्या, तिच्यात त्यांच्यासाठी माया होती, पहिल्या दिवसापासून. त्यांच्या छातीतून काहीतरी लांबलचक बाहेर पडलं. त्यांनी सरूबाईचा हात धरला आणि तो सुटू दिला नाही.

“आन् तुला, रश्मे,” सरूबाई म्हणाली, “शाळंतली पोरं म्हनायची हिला बाप न्हाई. तुला तोंड पायजे व्हतं. म्या कुटनं आनू? कोट तरी ह्येंच्याच अंगावरचा व्हता. त्या कोटाकडं बघून म्या रोज हार घातला, तोंडाकडं न्हाई बघितलं कदी. किती येळा वाटलं तुला सांगावं. तू पत्रिका ठिवली फोटूम्होरं तवा तर व्हटावर आलं व्हतं. पन खरं तोंड दावायला माज्याकडं काय व्हतं?”

निशिगंधाने पहिलं कार्ड पुढे ओढलं. खोडरबराने ‘भीमराज’ पुसलं, फुंकर मारली. तिथे लिहिलं, अर्जुनराव, चऱ्होली. मग नवं कोरं कार्ड घेतलं, पेन्सिल टेकवली आणि थांबली. वर बघत म्हणाली, “कोण म्हणून लिहू? ज्याने ओळखलं त्याने सांगायचं असतं.”

सरूबाई उठली. पडद्याजवळ गेली, अगदी जवळ. काचेला हात लावू नये अशी पाटी होती, तिने लावला. कानावर, भुवईवर, खळीवर.

“ह्यो भीमराज,” ती म्हणाली. “रश्मे, त्यो दुसरा व्हता. मला पहिल्याच दिशी ठावं व्हतं. ह्यो तुजा बा.”